निष्ठेची वसुली एकट्या खेळाडूकडूनच का?

ऑक्टोबर २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या 'एनआरएल'ने, म्हणजे नॅशनल रग्बी लीगने, एक फतवा काढला. आमची मान्यता नसलेल्या स्पर्धेशी जो खेळाडू करार करेल, त्याला दहा वर्षं आमचे दरवाजे बंद. सौदा जुळवणाऱ्या एजंटांनाही तीच शिक्षा. रोख होता 'आर३६०' या नव्या स्पर्धेकडे. इंग्लंडचा माजी रग्बीपटू माइक टिंडल हा तिचा चेहरा, पाठीशी बडं भांडवल, आणि एनआरएलच्या नावाजलेल्या खेळाडूंशी बोलणी चालू. ही स्पर्धा पंधरा जणांच्या रग्बी युनियनची. एनआरएल तेरा जणांच्या रग्बी लीगची. लांबून पाहणाऱ्याला दोन्ही खेळ सारखेच वाटतात, पण ती सव्वाशे वर्षांची भाऊबंदकी आहे. फतवा निघाल्यापासून इथे सिडनीत जो वाद चाललाय, तो ऐकून वैताग येतो. एका बाजूला 'पोरं पैशाला विकली गेली, जर्सीची किंमत उरली नाही' म्हणणारे. दुसऱ्या बाजूला 'बाजार आहे, जो जास्त मोजेल त्याच्याकडे जाणार, त्यात काय एवढं' म्हणणारे. पहिल्यांना आपल्याच खेळाचा इतिहास आठवत नाही आणि दुसऱ्यांना खेळाडूच्या शरीराशी काही देणंघेणं नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. रग्बी लीगचा व्यावसायिक खेळाडू हा अंगमेहनतीवर पोट भरणारा कामगार आहे. केलेला करार त्याने पाळावा. पण करार संपल्यावर तो कुठे गेला म्हणून त्याला दहा वर्षं घरी बसवणं हा अन्याय आहे. तिशीच्या आसपास ज्या धंद्यात माणूस म्हातारा होतो, तिथे दहा वर्षं म्हणजे जन्मठेपच. आणि हा अन्याय रग्बी लीगने करावा हे तर फारच झालं, कारण हा खेळ जन्मालाच आला तो मजुरी मागणाऱ्या खेळाडूंमुळे.

गोष्ट उत्तर इंग्लंडची. यॉर्कशर-लँकशरमधल्या कापड गिरण्या, कोळशाच्या खाणी, गोद्या. १८९० च्या दशकात तिथला कामगार शनिवारीही अर्धा दिवस कामावर असे. दुपारच्या सामन्याला लांबच्या गावी जायचं तर सकाळची पाळी बुडायची, आणि पाळी बुडाली की मजुरी कापली जायची. यॉर्कशरच्या क्लबांची मागणी एवढीच होती, की ही बुडालेली मजुरी भरून द्यायची मुभा मिळावी. १८९३ मध्ये रग्बी युनियनच्या लंडनच्या सभेत हा ठराव २८२ विरुद्ध १३६ मतांनी पडला. खेळाचा कारभार होता सुखवस्तू, खासगी शाळांत वाढलेल्या मंडळींच्या हाती. खेळ ही फावल्या वेळेची गोष्ट, ज्याला परवडत नाही त्याने खेळू नये, असा त्यांचा सूर. पैसा शिरला की खेळातली निष्ठा संपते, हेही त्यांचंच म्हणणं. ओळखीचं वाटतंय ना? अखेर २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडचे वीसहून अधिक क्लब वेगळे झाले आणि त्यांनी 'नॉर्दर्न युनियन' काढली. भरपाईचा दर ठरला दिवसाला सहा शिलिंग. संघ तेराचा झाला तो १९०६ मध्ये. म्हणजे आज ज्याला आपण रग्बी लीग म्हणतो, त्याचे नियम नंतर ठरले. पगाराचा प्रश्न आधी.

सिडनीतही तेच. १९०७ मध्ये ॲलेक्स बर्डन नावाचा खेळाडू जखमी झाला, कामावर जाता येईना, आणि रग्बी युनियनच्या मंडळाने हात झटकले. त्यावरून जी चळवळ उभी राहिली तिच्या आघाडीवर होता व्हिक्टर ट्रम्पर. होय, तोच क्रिकेटवाला. जुन्या काळातला सर्वांत देखणा फलंदाज म्हणून ज्याचं नाव आपल्याकडचे क्रिकेटवेडे अजून घेतात, तो सिडनीतल्या रग्बी लीगच्या संस्थापकांपैकी एक आणि तिचा पहिला खजिनदार. क्रिकेटमध्येही खेळाडूंची मिळकत मंडळ कसं दाबून ठेवतं हे त्याने पाहिलं होतं. रग्बीतल्या कामगारांची बाजू घ्यायला त्याला कुणी शिकवावं लागलं नसणार.

युनियनवाल्यांनी याचा सूड बहिष्कार घालून उगवला. लीग खेळलेल्या माणसाला जन्मभर बंदी. या बंदीत एकेका माणसाचं काय झालं ते बिली बॉस्टनकडे पाहून कळतं. कार्डिफच्या गोदीलगतच्या टायगर बे वस्तीतला मुलगा, बाप सिएरा लिओनचा खलाशी, घरात अकरा भावंडं. १९५३ मध्ये उत्तर इंग्लंडमधल्या विगन या लीग क्लबची माणसं घरी आली आणि त्यांनी टेबलावर दीड हजार पौंडांच्या नोटा मांडल्या. पोराला जायचं नव्हतं. त्याला कार्डिफकडून आणि वेल्सकडून खेळायचं होतं. पाहुण्यांना कटवायचं म्हणून आईने आकडा दुप्पट सांगितला. त्यांनी तीन हजार जागेवर कबूल केले, आणि मग तिला शब्द फिरवता येईना. बॉस्टनने कारकिर्दीत ५७१ ट्राय केले (ट्राय म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे टेकवणं), त्यांतले ४७८ विगनसाठी. युनियनच्या लेखी मात्र तो त्या दिवसापासून बाटलेला. आता गंमत अशी, की वेल्सच्या युनियन संघात कृष्णवर्णीय खेळाडू दिसायला १९८० चं दशक उजाडलं. ज्या घराने त्याला आत घ्यायची खात्री कधीच दिली नसती, त्याने घर सोडल्याबद्दल शिक्षा करावी? जून २०२५ मध्ये, नव्वदी गाठलेल्या बॉस्टनला 'सर' हा किताब मिळाला. रग्बी लीगच्या खेळाडूला मिळालेला पहिलाच. आणि युनियनचं काय? ऑगस्ट १९९५ मध्ये, जॉर्ज हॉटेलातल्या त्या सभेची शंभरी भरायला जेमतेम दोन-तीन दिवस उरले असताना, तिने स्वतःच व्यावसायिकता स्वीकारली. शंभर वर्षं ज्यांनी बहिष्कार सोसला त्यांचेच वारस आज बहिष्काराची भाषा बोलताहेत.

विरोधकांच्या म्हणण्यात जे वजनदार आहे, त्याला बगल द्यायची नाही. पहिला मुद्दा कराराचा. जुलै २००८ मध्ये सॉनी बिल विल्यम्स ऐन हंगामात सिडनीचा लीग क्लब कँटरबरी बुलडॉग्ज सोडून गुपचूप विमानात बसला आणि फ्रान्समधल्या तूलाँ या युनियन क्लबात जाऊन पोचला. कराराची बरीच वर्षं शिल्लक होती. ते चूकच होतं, आणि त्याचे गोडवे गाणाऱ्यांनी ते मान्य करावं. त्याची किंमतही त्याने मोजली: साडेसात लाख डॉलर भरपाई. पण एनआरएलचा फतवा करारभंगापुरता नाही. करार पुरा करून, सगळ्यांशी हात मिळवून गेलेल्या खेळाडूलाही तो लागू होतो. शिवाय कराराच्या पावित्र्याबद्दल कुणी बोलावं? याच बुलडॉग्जनी २००२ मध्ये सॅलरी कॅप, म्हणजे पगारखर्चाची मर्यादा, अशी काही धाब्यावर बसवली होती की त्यांचे ३७ गुण कापले गेले. मेलबर्न स्टॉर्मची तर त्याच कारणासाठी २००७ आणि २००९ ची विजेतेपदं काढून घ्यावी लागली. तेव्हा कुणी त्या क्लबांना दहा वर्षं बाहेर बसवलं नाही. दंड भरला, पुढच्या हंगामात पुन्हा मैदानात.

दुसरा मुद्दा जास्त अवघड आहे. शनिवारी सकाळी सिडनीतल्या पॅरामॅटाच्या आसपास कुठल्याही मैदानावर जा. गुडघ्यापर्यंत येणाऱ्या जर्सीत सहा-सात वर्षांची पोरं चिखलात लोळत असतात. कुणाचा तरी बाप मैदानाच्या पांढऱ्या रेघा मारून आलेला असतो, कुणाची आई मध्यंतरासाठी संत्री चिरत असते, आणि कडेला शेगडीवर सॉसेज भाजून क्लबसाठी चार पैसे जमवणं चालू असतं. यातलं कुणीही पगारी नसतं. अशी पंधरा वर्षं शेकडो माणसांनी घातल्यावर एक खेळाडू तयार होतो, आणि मग आयत्या बिळावर नागोबा येऊन बसतो. ही तक्रार खरी आहे, आणि 'बाजार आहे' म्हणून ती उडवून लावणाऱ्यांचा मला राग येतो. पण मग भरपाई नागोबाकडून घ्या ना! फुटबॉलमध्ये करार चालू असलेला खेळाडू मोबदला देऊन विकत घेतला, की त्या रकमेतला पाच टक्के वाटा त्याला लहानपणी घडवणाऱ्या क्लबांना द्यावा लागतो. फिफाचा तसा नियमच आहे. रग्बीत दोन्ही खेळांना मिळून असं काही करता येणार नाही का? ते करायचं नाही, कारण केलं तर एनआरएललाही पैसे मोजावे लागतील. न्यूझीलंडच्या शाळांत युनियन खेळून तयार झालेली पोरं एनआरएलचे क्लब मिसरूड फुटायच्या आत उचलून नेतात, त्याचा हिशेब कुठल्या वहीत लिहायचा?

तिसरा मुद्दा समतोलाचा. १९९० पासून असलेल्या सॅलरी कॅपमुळे श्रीमंत क्लबांना सगळे चांगले खेळाडू गोळा करता येत नाहीत आणि स्पर्धेत चुरस राहते. बाहेरचा अमर्याद पैसा आला की ही घडी विस्कटेल, हे मला मान्य आहे. पण हीच घडी निष्ठेचं काय करते ते पेनरिथच्या बाबतीत पाहिलं. पेनरिथ पँथर्सने २०२१ ते २०२४ अशी सलग चार विजेतेपदं जिंकली आणि त्या काळात एकेक मोहरा गमावला: कीकाऊ, कोरोईसाऊ, क्रायटन, शेवटी जरोम लुआई. लुआई तर पेनरिथच्याच तालमीत घडलेला. पोरं चांगली खेळली म्हणून महाग झाली, महाग झाली म्हणून कॅपमध्ये बसेनात. ज्या व्यवस्थेत यशस्वी संघाला आपली माणसं सोडावीच लागतात, तिने जाणाऱ्याला गद्दार ठरवायचं हा कुठला न्याय? आणि जिथे क्लबाने मनापासून बांधून घेतलं, तिथे खेळाडू राहतातही. २०१७ मध्ये नॉर्थ क्वीन्सलंड काउबॉइजने जेसन टाउमालोलोला दहा वर्षांचा करार दिला आणि गडी तिथेच रमला. याच टाउमालोलोने त्याच वर्षी न्यूझीलंडची बलाढ्य जर्सी सोडून चिमुकल्या टोंगाची जर्सी घातली, तेव्हा न्यूझीलंडमध्ये त्यालाही बेइमान म्हणणारे निघालेच. टोंगाने त्या विश्वचषकात न्यूझीलंडला २८-२२ ने हरवलं. पैशासाठी गेला तर विकला गेला, मातीसाठी गेला तर बेइमान!

बरं, निष्ठा ही दुतर्फा असते असं धरून चालू. खेळाच्या कारभाऱ्यांनी ती किती पाळली? साउथ सिडनी हा १९०८ पासूनचा संस्थापक क्लब, सर्वाधिक विजेतेपदं मिळवलेला. १९९९ च्या अखेरीस त्याला स्पर्धेतून काढून टाकलं, कारण चौदाच संघ ठेवायचे होते. लोक हजारोंनी रस्त्यावर उतरले, कोर्टात लढाई झाली, तेव्हा २००२ मध्ये क्लब परत आला. नॉर्थ सिडनी बेअर्सच्या नशिबी तेही नव्हतं. आधी शेजारच्या मॅनलीशी बळजबरीचा संसार, मग वनवास, आणि आता २०२७ मध्ये हे अस्वल मैदानात उतरणार ते पर्थचं म्हणून, सिडनीपासून तीन हजार किलोमीटरपेक्षा जास्त लांब. २०२८ मध्ये पापुआ न्यू गिनीचा संघ यायचा आहे. तिथे खेळायला जाणाऱ्यांसाठी करमाफीचं गाजर आहे आणि ऑस्ट्रेलियाचं सरकार त्या योजनेत दहा वर्षांत साठ कोटी डॉलर घालणार आहे. म्हणजे पैशाचं आमिष दाखवून खेळाडू हलवणं वाईट नाही; ते दुसऱ्याने दाखवणं वाईट. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

'बाजार आहे' म्हणणाऱ्यांनाही दोन शब्द सुनवायला हवेत. त्यांच्या तर्कात खेळाडू म्हणजे शेअरसारखा, चढत्या भावाला विकावा. पण हा माल हाडामांसाचा आहे. मार्च २०१४ मध्ये मेलबर्नमधल्या एका सामन्यात न्यूकासलचा ॲलेक्स मॅकिनन तिघांच्या टॅकलमध्ये, म्हणजे त्याला अडवून पाडताना, उचलला गेला आणि मानेवर पडला. वय बावीस. तो पुन्हा पूर्वीसारखा चालू शकला नाही. डोक्याला बसणाऱ्या मारांचा हिशेब तर वीस-तीस वर्षांनी निघतो. बुलडॉग्जचा जुना खंदा खेळाडू स्टीव्ह फोक्स २०१८ मध्ये गेला. त्याच्या मेंदूत सीटीई, म्हणजे वारंवार बसलेल्या आघातांनी होणारी झीज, सापडली. फोक्सची निष्ठा कुठे कमी पडली होती? सगळी कारकीर्द एका क्लबात, नंतर त्याच क्लबाचा प्रशिक्षक, २००४ मध्ये त्याच क्लबाला विजेतेपद. आणि मोठ्या पैशामागे गेलं की सुटका होते असंही नाही. टोरॉंटो वुल्फपॅक नावाचा कॅनडातला क्लब २०२० मध्ये इंग्लंडच्या सुपर लीगमध्ये गाजावाजा करत उतरला, सॉनी बिल विल्यम्ससारखा तारा घेऊन. जुलैत त्याने हंगाम अर्ध्यावर सोडला आणि खेळाडूंचे पगार थकले. नव्या मालकाची श्रीमंती पाहून सही करणाऱ्या पोराने ही गोष्ट उशाशी ठेवावी. खेळाडूंच्या संघटनेने आर३६० सारख्यांकडून काय मागावं, तर पगाराची रक्कम आधीच तिऱ्हाइताकडे जमा, दुखापतीनंतरचा विमा, आणि डोक्याच्या आजारांसाठी निवृत्तीनंतरही उपचार. ही मागणी एनआरएलकडेही तितक्याच मोठ्याने व्हायला हवी. दहा वर्षांच्या बंदीच्या गदारोळात हे कुणी बोलतच नाही.

एनआरएलला आपल्या सर्वांत मोठ्या उत्सवाचा तरी विसर पडू नये. स्टेट ऑफ ओरिजिन! न्यू साउथ वेल्स विरुद्ध क्वीन्सलंड, या दिवशी सिडनी-ब्रिस्बेनमध्ये दुसरं काही सुचत नाही. हा सामना सुरू का झाला? सिडनीच्या क्लबांकडे जुगाराच्या यंत्रांचा पैसा खुळखुळत होता, त्या जोरावर ते क्वीन्सलंडचे खेळाडू ओढून नेत, आणि मग हीच मंडळी आंतरराज्य सामन्यात क्वीन्सलंडच्याच विरुद्ध उभी राहत. वर्षानुवर्षं मार खाल्ल्यावर तोडगा निघाला की खेळाडूने मूळ राज्याकडून खेळावं. ८ जुलै १९८० रोजी ब्रिस्बेनच्या लँग पार्कवर पस्तीस वर्षांचा आर्थर बीट्सन क्वीन्सलंडचा कर्णधार म्हणून उतरला. सगळी उमेद सिडनीत घालवलेला माणूस. समोर मिक क्रोनिन, पॅरामॅटा क्लबातला त्याचाच सहकारी. बीट्सनने त्यालाही सोडलं नाही. क्वीन्सलंड २०-१० ने जिंकलं. पैशासाठी गाव सोडलेली माणसं गावासाठी जीव तोडून खेळू शकतात, हे आणखी किती हंगाम पाहिल्यावर पटणार आहे? मुंबईत गिरणीत राबून कोकणात शिमग्याला धावणाऱ्यांच्या नातवंडांना तरी हे समजावून सांगायला नको.

बंदी टिकते का, तर त्याचाही अनुभव आहे. १९७७ मध्ये ऑस्ट्रेलियन माध्यमसम्राट केरी पॅकरच्या खासगी क्रिकेट सर्कशीत गेलेल्यांवर बंदी घालायचा प्रयत्न झाला, तेव्हा लंडनच्या न्यायालयाने तो बेकायदा ठरवला. दोन वर्षांत पॅकरशी समझोता झाला. (आणि हाच पॅकर १९९५ मध्ये दुसरा माध्यमसम्राट रूपर्ट मरडॉकने रग्बी लीगमध्ये बंडखोर स्पर्धा काढली तेव्हा प्रस्थापितांच्या बाजूने तावातावाने उभा होता. बंड कुणाचं यावर तत्त्व ठरतं.) आपल्याकडे २००७ मध्ये आयसीएल, म्हणजे इंडियन क्रिकेट लीग ही खासगी स्पर्धा निघाली, बीसीसीआयने तिच्यात गेलेल्यांना वाळीत टाकलं, संदीप पाटीलसारख्या प्रशिक्षकांनाही. पुढच्याच वर्षी बीसीसीआयने त्याच धर्तीवर आयपीएल काढली आणि २००९ मध्ये बंडखोरांना माफी दिली. माफी घेऊन परतलेला अंबाती रायुडू पुढे भारताकडून खेळला. पण मधली वर्षं त्याला कुणी परत दिली नाहीत, आणि ज्यांचं वय तेव्हाच तिशीपार होतं त्यांचं तर सगळंच गेलं. मंडळाला दोन वर्षं म्हणजे दोन ताळेबंद.

रग्बी लीगमध्ये अशी वर्षं गमावणाऱ्याचं नाव डेनिस टटी. साठच्या दशकात नियम असा होता की करार संपला तरी क्लबाने खेळाडूला आपल्या राखीव यादीत ठेवलं, तर त्याला दुसरीकडे खेळता येत नसे. टटीला बाल्मेन क्लब सोडायचा होता, क्लब सोडेना. १९६९ चा अख्खा हंगाम तो बाहेर बसला. नेमक्या त्याच वर्षी बाल्मेनने अंतिम सामन्यात साउथ सिडनीला ११-२ ने हरवून विजेतेपद पटकावलं. टटी कोर्टात गेला, जिंकला, लीगने वर अपील केलं, आणि डिसेंबर १९७१ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हा नियम म्हणजे माणसाच्या रोजगारावर अवाजवी बंधन आहे. वीस वर्षांनी लीगने खेळाडूंची वाटणी करणारी 'ड्राफ्ट' पद्धत आणून पाहिली, तीही १९९१ मध्ये कोर्टात याच कारणाने पडली. आर३६० ने आपली सुरुवात आता २०२८ वर ढकलली आहे. ती उजाडेल की हवेत विरेल हे तिच्या भांडवलदारांनी पाहावं. पण दहा वर्षांचा फतवा कायम आहे, आणि ज्या दिवशी तो एखाद्या खेळाडूवर खरोखर चालवला जाईल, त्या दिवशी त्या खेळाडूचा वकील कोर्टात सगळ्यात आधी टटीचं नाव घेईल.